झाडाखाली गवत का येत नाही? सोसायटीच्या लॉनमधून शिकू या संशोधनाचा प्रश्न मांडायला



पेट झाली, मुलाखत जवळ आली, की एक प्रश्न हमखास समोर येतो : "तुमचा रिसर्च क्वेश्चन काय?" बहुतेक जण उत्तरादाखल विषय सांगतात. "मला शहरी परिसंस्थेवर काम करायचंय." हा विषय झाला, प्रश्न नाही. विषयातून प्रश्न कसा काढायचा, हे आज एका घरगुती उदाहरणातून बघू या. उदाहरण वनस्पतिशास्त्राचं असलं तरी पद्धत कुठल्याही शाखेला चालेल.

पुण्यातल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत जा. मध्ये एखादा डेरेदार आंबा किंवा वड, त्याखाली कधीकाळी हौसेनं केलेलं लॉन, आणि त्या लॉनला पडलेलं टक्कल. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ. वार्षिक सभेत विषय निघतो आणि चार सूचना येतात. एक जण म्हणतो, फांद्या छाटा, ऊन येऊ दे. दुसरा म्हणतो, एक ट्रक लाल माती आणि शेणखत टाका. तिसरा म्हणतो, माळी पाणीच घालत नाही. चौथा म्हणतो, पेव्हर ब्लॉक बसवा आणि विषय संपवा.

आता या सभेकडे संशोधकाच्या नजरेनं बघा. प्रत्येक सूचनेत एक गृहीतक दडलेलं आहे. पहिल्याच्या मते प्रकाश कमी आहे. दुसऱ्याच्या मते माती निकस आहे. तिसऱ्याच्या मते पाणी कमी आहे. चौथ्याला कारणात रसच नाही. यातलं चुकीचं गृहीतक निवडलं, तर फक्त पैसे जात नाहीत, झाडही जातं. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतांशी मातीच्या वरच्या फूट-दोन फूट थरात असतात. त्यावर मातीचा जाड थर टाकला किंवा बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकले, की मुळांना हवा मिळेनाशी होते. झाड लगेच मरत नाही. काही वर्षांनी एखाद्या पावसात पडतं, आणि तेव्हा त्या ट्रकभर मातीची कुणाला आठवणही नसते.

म्हणून "सावलीत गवत येत नाही" हे वाक्य आपण सुटं करू या. झाडाखालची सावली म्हणजे एक गोष्ट नाही. तिथे एकाच वेळी निदान चार गोष्टी बदललेल्या असतात.

१. प्रकाश किती पोचतो?

निरभ्र दुपारी उघड्यावर वनस्पतीला वापरता येणारा प्रकाश, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातला, दर चौरस मीटरला दर सेकंदाला सुमारे २००० मायक्रोमोल असतो. झाडाच्या छत्रातून तो किती खाली उतरतो, याचा हिशेब मोन्सी आणि साएकी या जपानी शास्त्रज्ञांनी १९५३ मध्ये मांडला. आजही जंगल असो की शेत, सुरुवात तिथूनच होते. कल्पना सोपी आहे. पानांचा प्रत्येक थर वरून आलेल्या प्रकाशाचा ठरावीक हिस्सा खातो, त्यामुळे प्रकाश सरळ रेषेत न घटता घातांकी पद्धतीनं घटतो.

एक चौरस मीटर जमिनीवर एकूण किती चौरस मीटर पानं आहेत, या आकड्याला लीफ एरिया इंडेक्स म्हणतात. पानं साधारण विखुरलेली धरली (गुणांक ०.५), तर हा आकडा १ असताना ६१ टक्के प्रकाश खाली येतो, ३ असताना २२ टक्के, आणि ५ असताना जेमतेम ८ टक्के. वहीत स्वतः करून बघा, कॅल्क्युलेटर पुरे.

आता २००० चे ८ टक्के म्हणजे १६०. हे झालं निरभ्र दुपारी. जुलैत ढग दाटले की उघड्यावरचाच आकडा ४००-५०० वर येतो, मग खाली उरतात ३०-४०. एवढ्यात पान कसंबसं स्वतःच्या श्वसनाचा खर्च भागवतं. पण गवताला फक्त पान पोसायचं नसतं. मुळं, आडवी पसरणारी खोडं आणि रात्रीचं श्वसन यांचाही खर्च असतो. त्यात आपण दर पंधरा दिवसांनी कापणी करून कमावती पानंच काढून घेतो. महिन्याच्या पगारात घर चालत नसताना दर पंधरवड्याला पाकीटही मारलं जावं, तशी ही अवस्था.

२. प्रकाश कोणत्या रंगाचा?

पानं लाल आणि निळा प्रकाश खातात, पण दृश्य लाल रंगाच्या पलीकडचा "दूर-लाल" प्रकाश बराचसा खाली सोडून देतात. उघड्यावर लाल आणि दूर-लाल यांचं गुणोत्तर १.२ च्या आसपास असतं. दाट पानांखाली ते ०.२ किंवा त्याहूनही खाली उतरतं.

वनस्पतींकडे हे गुणोत्तर ओळखणारं रंगद्रव्य असतं, फायटोक्रोम. लाल आणि दूर-लाल प्रकाश एकमेकांचा परिणाम उलटवतात, हे १९५२ मध्ये बोर्थविक आणि सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर दाखवलं. लाल प्रकाश दिला की बी रुजतं, लगेच दूर-लाल दिला की रुजत नाही, आणि शेवटी जो रंग दिला त्याचं बी ऐकतं.

गवताला दूर-लाल जास्त दिसला की त्याचा अर्थ "डोक्यावर कुणीतरी आहे" असा होतो. मग ते उंच, बारीक, फिकट वाढतं आणि फुटवे कमी काढतं. उघड्या माळावर हे शहाणपणाचं आहे, कारण शेजारचं गवत फार तर गुडघाभर उंच असतं आणि त्याच्यावर मात करता येते. तीस फुटी आंब्यापुढे काय करणार? आणि लॉनचा गालिचा फुटव्यांवरच उभा असतो. फुटवे थांबले की गालिचा विरतो.

३. मुळं काय करतात?

हा भाग नीट वाचा, कारण इथे एक सुंदर प्रयोग आहे.

१९०४ साली जर्मनीत कार्ल फ्रिके या वनशास्त्रज्ञाला एक शंका आली. पाईनच्या मोठ्या झाडांखाली पाईनचीच रोपं खुरटतात. सगळे म्हणायचे, सावलीमुळे. फ्रिकेनं काही खुरट्या रोपांभोवती चर खणून मोठ्या झाडांची मुळं तोडली. वरची एकही फांदी छाटली नाही. सावली जशीच्या तशी. तरी रोपं तरारली, आणि चराच्या आतली माती बाहेरच्यापेक्षा ओली निघाली. म्हणजे तिथे खरी टंचाई पाण्याची होती. ते पाणी मोठी झाडं पळवत होती आणि दोष मात्र सावलीवर जात होता. "प्रकाशप्रिय झाडं" आणि "सावलीतली झाडं" ही विभागणी शास्त्राचा आधार नसलेली समजूत आहे, असं त्यानं आपल्या लेखाच्या शीर्षकातच म्हटलं.

पुढे अमेरिकेत टूमी आणि कीनहोल्झ यांनी चर खणून केलेले असेच प्रयोग १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. तिथेही मुळं तोडलेल्या तुकड्यांत वनस्पतींची दाटी झाली. मग फ्रिके पूर्ण बरोबर होता का? नाही. २००० मध्ये कूम्स आणि ग्रब यांनी जगभरातल्या अशा प्रयोगांचा आढावा घेतला. ओलसर, सुपीक मातीत रोपांची वाढ प्रकाशच अडवतो. कोरड्या किंवा निकस मातीत मुळांची स्पर्धा महत्त्वाची ठरते.

हा निष्कर्ष आपल्या सोसायटीला लावून बघा. जुलैत पाणी मुबलक, ढग दाट, झाड पानांनी भरलेलं. तेव्हा टंचाई प्रकाशाची. एप्रिलमध्ये ऊन भरपूर, काही झाडांची पानंही गळलेली, पण मातीत ओल नाही आणि जी आहे ती झाड ओढतंय. तेव्हा टंचाई पाण्याची. एकाच जागेवर, एकाच वर्षात, अडसर बदलतो! सभेतला पहिला सदस्य पावसाळ्यापुरता बरोबर असू शकतो आणि तिसरा उन्हाळ्यापुरता.

४. बाकीची मंडळी

सावली बघून लोक तिथेच बसतात, मुलं तिथेच खेळतात, स्कूटरही तिथेच लागते. माती दबते. पानगळीचा थर गवतावर बसतो. आणि शेवटी सगळ्यांचं लाडकं कारण : झाडातून विषारी द्रव्यं झिरपतात. निलगिरी किंवा सुबाभळीच्या पानांचा अर्क काढून बशीतल्या मुगावर ओतायचा आणि मूग रुजला नाही की "सिद्ध झालं" म्हणायचं, असे प्रकल्प तुम्ही एमएस्सीला पाहिले असतील. बशीत ओतलेली तीव्रता मातीत खरोखर असते का, तिथले जीवाणू ते द्रव्य टिकू देतात का, हे प्रश्न त्यात राहूनच जातात. हे कारण खोटं आहे असं नाही. दाखवायला अवघड आहे, एवढंच.

पाठ्यपुस्तकी उत्तरापासून सावध

मुलाखतीत हाच प्रश्न आला तर बरेच जण म्हणतील, "हरळी सी४ आहे, म्हणून सावलीत येत नाही." हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये उसाच्या अभ्यासातून सी४ मार्ग मांडला. या मार्गात कार्बन डायऑक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे दोन एटीपी जास्त लागतात. प्रकाश कमी असताना हा जादा खर्च परवडत नाही, असा हा युक्तिवाद. ऐकायला पक्का वाटतो.

पण एलरिंगर आणि ब्यॉर्कमन यांनी १९७७ मध्ये वेगवेगळ्या तापमानाला मोजून दाखवलं, की तापमान वाढतं तशी सी३ पानाची प्रकाश वापरण्याची कार्यक्षमता प्रकाशश्वसनामुळे घटत जाते, सी४ ची मात्र जवळपास स्थिर राहते. त्यांच्या वनस्पतींत ३० अंशांच्या आसपास दोघं एका पातळीवर येतात आणि त्यापुढे सी४ वरचढ ठरतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड तेव्हापेक्षा आज बराच जास्त आहे, त्यामुळे हा बिंदू थोडा वर सरकतो. तरीही उष्ण प्रदेशात निव्वळ "सी४ महाग पडतं" एवढ्यावर उत्तर संपत नाही. शिवाय नर्सरीत रुंद पानाचं कार्पेट ग्रास मिळतं, ॲक्झोनोपस कॉम्प्रेसस. तेही सी४ आहे आणि हरळीपेक्षा सावली कितीतरी चांगली सोसते.

झाडांची बाजूही एकसारखी नाही. वर्षावृक्षाखाली गवत अनेकदा बाहेरच्यापेक्षा हिरवं दिसतं. त्याची पर्णिका रात्री आणि ढगाळ हवेत मिटते, छत्र विरळ असतं, आणि तो शेंगवर्गीय आहे. अपवाद सापडला की नाराज होऊ नका. गृहीतक धारदार करायला अपवादासारखं साधन नाही.

मग वेगळं कसं करायचं?

इथे संशोधन सुरू होतं. प्रकाशाचं प्रमाण, प्रकाशाचा रंग आणि मुळं या तीन गोष्टी झाडाखाली एकत्र बांधलेल्या आहेत. त्या सुट्या करणारी जागा शोधायची.

एक जागा फुकट मिळते : इमारतीची उत्तर बाजू. तिथे सावली आहे, पण भिंत पानांसारखा रंग गाळत नाही आणि भिंतीला मुळं नसतात. मात्र ती सावली ऋतूप्रमाणे हलते. पुणे साधारण १८.५ अक्षांशावर. डिसेंबरच्या शेवटी दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, म्हणजे १५ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला साडेतेरा मीटर पडते. जूनमध्ये तोच सूर्य दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो आणि तीच जागा उन्हात येते. त्यामुळे तुलना कुठल्या महिन्यातली, हे आधीच ठरवा.

मुळं वेगळी करायला प्लास्टिकच्या कुंड्या पुरतात. काही तळासकट घ्या. काहींचा तळ कापा आणि बाजूला मोठ्या खिडक्या पाडा. दोन्ही त्याच झाडाखाली काठापर्यंत जमिनीत पुरा. माती तीच, हरळीचे ठोंब तेवढेच. पहिल्या प्रकारात झाडाची मुळं शिरत नाहीत, दुसऱ्यात शिरतात. नुसत्या मोकळ्या जमिनीशी तुलना का नको? कारण कुंडी स्वतःच मुळांची जागा मर्यादित करते आणि निचरा बदलते. तो परिणाम दोन्हीकडे सारखा राहायला हवा. निचऱ्याच्या भोकातून मुळं घुसतात, म्हणून कुंडी अधूनमधून उचलून फिरवा. आणि घाई नको. खणताना तिथली मुळं तुटलेली असतात, ती परत यायला काही महिने जातात.

तिसरा गट उघड्यावर काळ्या शेडनेटखाली ठेवा, झाडाखाली मोजलेल्या प्रकाशाइतकाच प्रकाश येईल असा. नेट रंग फारसा बदलत नाही. म्हणजे तळवाल्या कुंड्यांत झाडाखाली आणि नेटखाली फरक पडला, तर संशय रंगावर जातो. मोजायचं काय? फुटव्यांची संख्या आणि ओव्हनमध्ये सुकवलेलं वजन. "हिरवं दिसतंय" हे मोजमाप नव्हे.

दोन सापळे सांगून ठेवतो. पहिला मोजमापाचा. मोबाइलवरचं लक्स ॲप माणसाच्या डोळ्याला दिसणारी उजळता मोजतं, आणि आपला डोळा हिरव्याला जास्त भाव देतो. पानांखालचा प्रकाश हिरवटच असतो, त्यामुळे तिथे लक्स वनस्पतीला फसवं चांगलं चित्र दाखवतं. विभागातून पीएआर मीटर मिळवा. तोही एकदा दुपारी लावून भागत नाही. छत्रातल्या फटींतून सरकत जाणारे उन्हाचे कवडसे दिवसभरातल्या प्रकाशाचा मोठा वाटा देऊ शकतात. दिवसभर, ठरावीक अंतरानं, अनेक ठिकाणी मोजा.

दुसरा सापळा संख्याशास्त्राचा. एका आंब्याखाली २० कुंड्या ठेवल्या म्हणून तुमच्याकडे २० नमुने होत नाहीत. प्रश्न "आंब्याखाली काय होतं" असा असेल, तर तुमच्याकडे नमुना एकच आहे : तो एक आंबा. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला नाव देऊन सगळ्या परिसंस्थाशास्त्रज्ञांची झोप उडवली होती. पाच झाडं, प्रत्येकाखाली चार कुंड्या, हे एका झाडाखालच्या वीस कुंड्यांपेक्षा कितीतरी मोलाचं.

तोवर सोसायटीत लावायचं काय?

सभेला पीएचडी होईपर्यंत थांबायला वेळ नसतो. पण कारण माहीत असलं की निवड सोपी होते.

प्रकाश मध्यम असेल, म्हणजे छत्र विरळ किंवा सकाळचं ऊन येत असेल, तर कार्पेट ग्रास लावा, कापणी उंच ठेवा आणि तिथून चालणं कमी करा.

प्रकाश कमी पण ओल टिकत असेल, तर गवताचा हट्ट सोडा. मोंडो ग्रास (नावात ग्रास असलं तरी ते गवत नव्हे), नेचे, पीस लिली, स्पायडर प्लँट, सिंगोनियम. देशी हवं असेल तर जमिनीवर पसरणारी लेंडी पिंपळी, ओलसर कोपऱ्यात मंडूकपर्णी, आणि पावसाळ्यापुरती रानहळद किंवा पेव. सांडपाण्याच्या कडेचं अळू तर आपल्या परसात पिढ्यान्‌पिढ्या आहे. गोव्यातलं कुळागर बघा : नारळ-सुपारीच्या सावलीत केळी, मिरी, अननस, हळद. तिथे प्रत्येक पातळीवरचा प्रकाश कुणीतरी वापरतं. सावलीला "उरलेली जागा" मानायची सवय आपल्याला लॉननं लावली.

प्रकाशही कमी आणि माती मुळांनी भरलेली, कोरडी असेल, तर लावण्याचा आग्रहच नको. झाडाचाच पालापाचोळा दोन-तीन इंच जाड पसरा, बुंध्याला टेकू देऊ नका. माती दबत नाही, ओल टिकते, झाडाला खतही मिळतं. चालायला वाट हवी तर सुट्या फरश्या, मध्ये फटी सोडून. बुंध्याभोवती निदान एक मीटर जागा मोकळी ठेवा. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं तेवढं काँक्रीट काढायचा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिला होता. आणि झाडच तोडायची भाषा निघाली, तर महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा दाखवा. वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते करता येत नाही.

एक इशारा : नर्सरीवाला "काहीही करा, मरत नाही" म्हणत वेडेलिया देईल. पिवळ्या फुलांची ही वेल जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. जे कुठेही मरत नाही, ते कुंपणाबाहेरही मरत नाही.

आता तुमची पाळी

तुमच्या स्वतःच्या विषयातलं असंच एक वाक्य घ्या, ज्यावर सगळे मान डोलावतात. "ग्रामीण मुलं गणितात मागे पडतात." "या औषधाचा बायकांवर कमी परिणाम होतो." मग तीन ओळी लिहा. त्या वाक्यात एकत्र बांधलेल्या गोष्टी कोणत्या? त्यातल्या दोन कुठल्या जागी, कुठल्या गटात किंवा कुठल्या ऋतूत एकमेकींपासून सुट्या होतात? आणि उत्तर "हो" आलं किंवा "नाही" आलं, तर कुणाचा कुठला निर्णय बदलेल?

तिसऱ्या ओळीत लिहायला काही सुचत नसेल, तर पहिल्या ओळीवर परत जा. सुचलं, तर तीच ओळ मुलाखतीत सगळ्यात आधी सांगा.